कॅमेऱ्याच्या डावीकडे

माणसाने आपल्या कामाचा फार गर्व करू नये. मी चव्वेचाळीस वर्षं केला, आणि एका सकाळी तोच अंगाशी आला. माझ्या अंगाशी आला असता तर निभावून नेलं असतं. तो एमेटच्या अंगाशी आला.

माझं काम सांगायला सोपं आहे. सिनेमाचं चित्रीकरण चालू असतं तेव्हा कॅमेऱ्याशेजारी उंच स्टुलावर एक बाई बसलेली असते, मांडीवर वही आणि गळ्यात स्टॉपवॉच. ती बाई मी. नटाने कप कुठल्या हातात धरला होता, कुठल्या शब्दाला तो उठला, नजर कुठे होती, टेक किती सेकंदांचा झाला, सगळं मी लिहून ठेवते. सिनेमा तुकड्यातुकड्यांनी घेतात, आणि तुकडे पुढे जुळायचे तर कुणाला तरी सगळं आठवायला हवं. दिग्दर्शक विसरतात, नट विसरतात, निर्माते तर दिलेला शब्दसुद्धा विसरतात. मी विसरत नाही, असा माझा लौकिक होता. कॉन्सुएलो आरियागा म्हटलं की बरबँकपासून कल्व्हर सिटीपर्यंतच्या स्टुडिओंत लोक म्हणायचे, ‘तिच्या वहीशी वाद घालू नका.’ बॉइल हाइट्सच्या गरीब वस्तीतल्या शिवणकामवालीच्या पोरीला आणखी काय हवं!

एमेट डनलेवीला तुम्ही पाहिलेलं आहे. नाव आठवणार नाही, पण चेहरा दाखवला की म्हणाल, ‘अरे, हा तो डॉक्टर ना?’ किंवा शेरीफचा दोस्त, किंवा नायकाचा मोठा भाऊ, जो मध्यंतराच्या आसपास गोळी खाऊन मरतो. एकशे अठरा सिनेमे. पोस्टरवर नाव नेहमी चौथं नाहीतर पाचवं. खरं नाव एमिल दुनायको, पेनसिल्व्हेनियातल्या कोळशाच्या खाणीत राबणाऱ्या बापाचा धाकटा मुलगा. एकोणचाळीस साली या गावात बसमधून उतरला तेव्हा अंगात भावाचा कोट होता. स्टुडिओने सात वर्षांचा करार दिला, दोन दात बदलले आणि नाव आयरिश करून टाकलं. एमेट म्हणायचा, “दात परत द्या म्हटलं असतं तर दिलेही असते त्यांनी. नाव मागायला मलाच लाज वाटली.”

मी त्याला पहिल्यांदा पाहिलं त्रेपन्न साली. माझा कामाचा पहिला आठवडा, वय बावीस. त्या सिनेमातला बडा नट, नाव सांगत नाही, आता तो बिचारा वरही गेला, स्वतःचा क्लोज-अप झाल्याबरोबर आपल्या खोलीत जाऊन झोपला. आता हे जरा समजून घ्या. दोन माणसं बोलताहेत असा प्रसंग असला की कॅमेरा आधी एकाच्या चेहऱ्यावर लावतात. ते झालं की दिवे, भिंती, सगळं फिरवून दुसऱ्याच्या चेहऱ्यावर. ज्याचा चेहरा दिसत नसतो त्यानेही समोर उभं राहून आपली वाक्यं म्हणायची असतात, म्हणजे दुसऱ्याला बोलायला जिवंत माणूस मिळतो. बडे लोक हे करत नाहीत. मग ती वाक्यं स्क्रिप्टवाली पोरगी वाचते.

मी वाचली. भाऊ मरायला टेकलाय आणि मी किराण्याची यादी वाचावी तशी वाचतेय, ‘मला सोडून जाऊ नकोस, जॉनी.’ एमेट माझ्याकडे बघून मेला, आणि असा मेला की प्रकाशयोजनेवरचा एक आडदांड गडी डोळे पुसत होता. टेक संपल्यावर तो उठला, कपडे झटकले, माझ्यापाशी आला आणि मान किंचित झुकवून म्हणाला, “छान केलंत तुम्ही.”

मला तोवर या गावात कुणी तुम्ही म्हटलं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून मी त्याची ‘पोरी’ झाले ती सहासष्टाव्या वर्षापर्यंत.

तो स्वतः कधीही खोलीत जाऊन झोपला नाही. समोर कुणी का असेना, एका वाक्याचा पोस्टमन असला तरी, त्याचा क्लोज-अप चालू असताना एमेट कॅमेऱ्याच्या डावीकडे उभा. इतका चिकटून की उजवा गाल जवळजवळ लोखंडाला लागायचा, म्हणजे समोरच्याची नजर बरोबर पडते. डावीकडेच का, असं मी एकदा विचारलं. “पहिल्यांदा तिथे उभा राहिलो आणि काम मिळत गेलं,” तो म्हणाला. “आता कशाला नशिबाची खोडी काढू?” आणि टेक संपला की समोरच्याला ठरलेलं वाक्य, “छान केलंत तुम्ही.” पोस्टमनलासुद्धा.

सत्त्याण्णव साली, ऐंशीव्या वर्षी, त्याला आयुष्यातली पहिली मोठी भूमिका मिळाली. दिग्दर्शक ग्रेडी लोमॅक्स, वय चौतीस, उत्साह एवढा की सकाळी सहाला त्याच्याकडे बघून माझं डोकं दुखायचं. पण पोरगा मनाने चांगला. सिनेमात एमेट सफरचंदांच्या बागेचा एकटा म्हातारा मालक. मुलगी त्याला वृद्धाश्रमात न्यायला येते. मुलगी होती ब्रिन कॅलोवे, सव्वीस वर्षांची, नुकतीच वर आलेली. शेवटाकडे म्हातारा स्वयंपाकघरात बसून मुलीची माफी मागतो. सलग दीड पानाचं भाषण. एकशे अठरा सिनेमांत एमेटला सलग पाच वाक्यांच्या वर कधी मिळालं नव्हतं.

आणि नेमकं तेव्हाच त्याचं डोकं रिकामं व्हायला लागलं होतं. देव दात देतो तेव्हा चणे नसतात, आणि चणे देतो तेव्हा दात नसतात, दुसरं काय.

बाकीच्या प्रसंगांना आम्ही पाट्या वापरल्या. पांढऱ्या पुठ्ठ्यांवर ठळक अक्षरांत वाक्यं लिहून कॅमेऱ्याशेजारी धरायची. त्याची त्याला लाज नव्हती. “अरे, पाट्या वाचून लोक राष्ट्राध्यक्ष होतात,” म्हणायचा. पण भाषणाची गोष्ट निघाली तेव्हा त्याने मला बाजूला घेतलं.

“याला पाटी नको, पोरी.”

“एमेट, दीड पान आहे ते.”

“मोजलंय मी. पाटी धरली की डोळे वाचायला लागतात. क्लोज-अपमध्ये लपत नाही ते. रोझमेरी बघणार आहे हे.”

रोझमेरी त्याची मुलगी. पन्नाशीला आलेली, ग्लेनडेलला शाळेत गणित शिकवणारी, तोंडाने फटकळ. दोन वर्षांपूर्वी, बाप गॅस चालू ठेवून फिरायला जातो म्हटल्यावर, आपलं बिऱ्हाड उचलून व्हॅन नायसच्या घरी त्याच्याकडे राहायला आली होती. एकसष्ट साली तिची आई गेली तेव्हा ती चौदा वर्षांची होती आणि एमेट अॅरिझोनात बारा आठवडे घोड्यावर बसून कुणाच्या तरी सुडाला मदत करत होता. निर्मात्यांनी दोन दिवसांची सुट्टी दिली, तो एका दिवसात परतला. कामावर सगळ्यांनी कौतुक केलं. मीही केलं. तेव्हा आम्हाला ती निष्ठा वाटायची.

“तिच्याशी बोलायचं होतं मला,” तो म्हणाला. “छत्तीस वर्षं झाली. माझे शब्द मला कधी सुचले नाहीत गं. एकशे अठरा वेळा दुसऱ्यांचे म्हटले, तर एकशे एकोणिसाव्यांदाही दुसऱ्याचेच म्हणतो. पण नीट म्हणू दे. पडद्यावर माझा चेहरा एवढा मोठा दिसेल, आणि ती बसून बघेल. तिला कळेल.”

सहा आठवडे मी रोज सकाळी त्याच्या स्वयंपाकघरात जाऊन बसले. कॉफी, करपलेला टोस्ट आणि दीड पान. रोझमेरी आमच्याकडे पाठ करून भांडी विसळायची. भाषणात एक जागा होती, म्हातारा म्हणतो, ‘तुझी आई आजारी होती तेव्हा मी कुंपण दुरुस्त करत बसलो. कुंपणाला काही झालं नव्हतं. कुंपणापाशी कुणी रडत नव्हतं, म्हणून.’ हे वाक्य आलं की सिंकमध्ये भांडी जोरात वाजायची. रोज. बाकी ती काही बोलली नाही. एकदाच, मला गाडीपर्यंत सोडायला आली तेव्हा म्हणाली, “लिहिणाऱ्याने माफी लिहिली, बाबा पाठ करताहेत, आणि मी ऐकून घ्यायची. बरं आहे, कॉन्सुएलोमावशी, सगळी कामं वाटून झालीत.”

“तू बघशील ना पण?”

“बघेन.” आणि मग, “एक लक्षात ठेव. सकाळी बाबा भानावर असतात. जेवणाच्या आसपास जायला लागतात. जे काय करून घ्यायचं ते आधी करून घ्या.”

मी हो म्हटलं. डोक्यात नोंदही केली. पण वहीत केली नाही.

तो दिवस गुरुवार होता. सहाचा बोलावा, साडेसातला एमेट मेकअप करून स्वयंपाकघराच्या सेटवर हजर. त्याला तसा ताजातवाना मी वर्षभरात पाहिला नव्हता. मला बघून डोळा मारला आणि हलक्या आवाजात भाषणाचं पहिलं वाक्य म्हणून दाखवलं.

ग्रेडी माझ्यापाशी आला. “कॉन्सुएलो, आधी कुणावर लावू? एमेटवर की ब्रिनवर?”

हाच तो प्रश्न. याचं उत्तर द्यायचं काम माझं नव्हतं, पण चव्वेचाळीस वर्षं काम केलेल्या बाईला विचारतात, आणि बाईला ते आवडतं. मी काय केलं सांगते. मी वही उघडली नाही, कारण मला सगळं पाठ होतं. एमेट डनलेवी: पहिले दोन टेक सावध, चौथ्याला घसा मोकळा, सहावा सोन्यासारखा. त्रेपन्नपासूनच्या माझ्या सगळ्या वह्या हेच सांगत होत्या. म्हणजे आधी ब्रिनवर लावा. तिच्या तीन-चार टेकांत एमेट बाजूला उभा राहून वाक्यं तोंडात घोळवेल, आणि कॅमेरा त्याच्यावर फिरेल तेव्हा नेमका रंगात आलेला असेल. आमच्या धंद्यात जड काम शेवटी ठेवतात. आणि ब्रिनचं काम तर नऊलाच संपणार होतं, म्हणजे जेवणाच्या किती तरी आधी. मी हिशेब केला. अति शहाणा त्याचा बैल रिकामा.

“आधी ब्रिन,” मी म्हटलं. “म्हाताऱ्याला तापू दे.”

दिवे लागले. दारावरचा लाल दिवा पेटला, घंटा झाली. कॅमेरा ब्रिनच्या चेहऱ्यावर. एमेट डावीकडे, गाल लोखंडाला. मी त्याच्यापासून हातभर अंतरावर स्टुलावर. ग्रेडी पलीकडे छोट्या पडद्यापुढे, आणि पडद्यावर अर्थातच ब्रिन.

पहिला टेक. मी स्टॉपवॉच दाबलं आणि एमेट बोलायला लागला.

त्याने काही तोंडात घोळवलं नाही. तापायचं वगैरे काही उरलं नव्हतं त्याच्यात, जे होतं ते तिथंच, वरच होतं. “मी वाईट बाप होतो असं लोक म्हणतात,” त्याने सुरू केलं, “ते खरं नाही. वाईट बाप घरी तरी असतो.” मी लाखभर टेक पाहिले असतील. असा पाहिला नाही. आवाज चढला नाही, हात हलला नाही. कुंपणापाशी आला तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी नव्हतंच, नुसती लाज होती. म्हाताऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर लहान मुलाची लाज. एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही. आणि कॅमेरा त्याच्या गालापासून चार बोटांवर, तोंड दुसरीकडे करून घरघरत होता.

मला कळत होतं. अर्ध्यातच कळलं होतं. पण चालू टेक आपण तोडायचा नाही हे माझ्या हाडात भिनलेलं. मी वहीत लिहिलं: एक मिनिट बावन्न सेकंद.

“कट! ब्रिन, काय केलंस गं हे!” ग्रेडी धावत आला. ब्रिनला खरोखरच हुंदका फुटला होता, तिला बोलता येईना. तिने नुसतं एमेटकडे बोट दाखवलं. ग्रेडीला वाटलं, ती त्याचे आभार मानतेय. एमेट तिच्यापुढे किंचित झुकला. “छान केलंत तुम्ही.”

तेव्हाही वेळ गेली नव्हती. मी उठून म्हणायला हवं होतं, ग्रेडी, आत्ताच्या आत्ता कॅमेरा फिरव. मी उठले नाही. मला वाटलं, पहिला असा, तर सहावा कसा असेल! असल्या वेळी माणसाला हावच सुटते, आणि ती हाव मी जाणकारी समजत होते.

ग्रेडीने खात्रीसाठी म्हणून आणखी दोन टेक घेतले. दुसऱ्यात एमेट चांगला होता. तिसऱ्यात एका ठिकाणी थांबला, मी शब्द सुचवला, त्याने उचलला. मग भिंती फिरवायच्या, खिडकीतला उजेड दुसऱ्या बाजूने आणायचा. त्याला पावणेदोन तास लागले. कुणाची चूक नव्हती, तेवढे लागतातच. एमेट खुर्चीत बसला होता, हातात अर्धा डोनट, आणि तो संपतच नव्हता. साडेदहाला मी त्याच्याजवळ गेले.

“तयार?”

त्याने माझ्याकडे फार नम्रपणे पाहिलं. “आज कुठला सीन आहे, पोरी?”



अकराला कॅमेरा त्याच्यावर लागला. ब्रिन समोर, कॅमेऱ्याच्या डावीकडे, गाल लोखंडाला, महिनाभर त्याला बघून शिकली होती पोरगी. पहिल्या ओळीत तो अडखळला. दुसऱ्या टेकमध्ये कुंपणापर्यंत पोचला आणि थांबला. “कुंपण,” तो म्हणाला. “कुंपण...” आणि इकडेतिकडे पाहू लागला, जणू सेटवर कुठेतरी ते असेल. नऊ टेक झाले. ब्रिन प्रत्येक वेळी त्याच्यासाठी खरं रडली, त्याला धागा सापडावा म्हणून. दहाव्याच्या आधी एमेट स्वतःच म्हणाला, “पाटी आणा.”

पाटी आली. त्याने भाषण म्हटलं, सगळं, अचूक. डोळे डावीकडून उजवीकडे, डावीकडून उजवीकडे जात होते. मी वहीत लिहिलं: वाचतोय. ग्रेडीने टाळ्या वाजवल्या, सगळ्यांनी वाजवल्या, आणि टाळ्यांत कुणी कुणाकडे बघत नव्हतं.

ग्रेडी माझ्यापाशी आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. “सकाळचा त्याचा आवाज आपल्याकडे आहे,” तो म्हणाला. “ध्वनिवाल्याने माइक लावला होता. भाषणभर ब्रिनचा चेहरा ठेवू, आवाज त्याचा. सुंदर होईल.” मग हळूच म्हणाला, “आधी त्याच्यावर लावायला हवं होतं, नाही?”

“मी सांगितलं म्हणून नाही लावलंस,” मी म्हटलं.

“विचारलं मी. ठरवलंही मीच.” भला पोरगा. पण मला त्याने बरं वाटलं नाही.

दुपारी रोझमेरी न्यायला येईपर्यंत मी एमेटजवळ बसले. तो थोडा परत आला होता, ऊन ढगाआडून क्षणभर येतं तसा.

“सकाळी मी म्हटलं ना सगळं?”

“म्हटलंस.”

“बरं झालं?”

“एमेट, आजवर तू जे काही केलंस त्यात सगळ्यात चांगलं.”

“मग आता काय झालं?” त्याने थोडा विचार केला. “सकाळी कॅमेरा कुणावर होता?”

मी सांगितलं.

तो हसला. खोटं नाही सांगत, खरंच हसला. “अठ्ठावन्न वर्षं, पोरी. आणि शेवटीही डावीकडेच.” मग हसू गेलं. “रोझमेरीला चेहरा दाखवायचा होता मला.”

“मीच म्हटलं ग्रेडीला, आधी ब्रिन. माझी चूक आहे.”

त्याने माझा हात थोपटला. काय थोपटतोय हे त्याला तेव्हा माहीत होतं की नाही, सांगता येत नाही. मी त्याला विचारायला हवं होतं की मला माफ केलंस का. नाही विचारलं. आणि पुढे विचारण्यासारखा दिवस आला नाही.

सिनेमा तयार व्हायला नऊ महिने लागले. तेवढ्यात एमेट सकाळचाही गेला. रोझमेरीला तो आधी तिच्या आईच्या नावाने हाक मारायचा, मग नुसतं ‘बाई’ म्हणायला लागला. मला ओळखायचा नाही, पण हातातली वही बघून उठून खुर्ची द्यायचा. काम करणाऱ्यांसाठी स्टुडिओच्या छोट्या थिएटरात रविवारी सकाळी अकराला पहिला खेळ ठेवला. मी म्हटलं, आणू नकोस बाबांना, दमतील. रोझमेरी म्हणाली, “सहा आठवडे माझ्या स्वयंपाकघरात तुम्ही दोघांनी डोकं उठवलंत माझं. आता काय झालंय ते बघू तरी दे.”

पाचवी रांग. कडेला एमेट, त्याच्या उजवीकडे रोझमेरी, तिच्या पलीकडे मी. एमेटने निळा सूट घातला होता, टायची गाठ रोझमेरीने बांधलेली. पहिला तास तो शांत बसला. पडद्यावर स्वतःला बघून एकदा तिला म्हणाला, “हा म्हातारा बरा आहे.” ती म्हणाली, “हं, बरा आहे.”

मग स्वयंपाकघर आलं. ब्रिनचा चेहरा, अख्खा पडदा भरून. आणि अंधारातून त्याचा आवाज: ‘मी वाईट बाप होतो असं लोक म्हणतात...’

एमेट खुर्चीत सरळ झाला. मग हळूहळू सगळं अंग उजवीकडे वळवलं, खुर्चीच्या पाठीला उजवा गाल टेकवला, आणि रोझमेरीच्या डोळ्यांत बघून बोलायला लागला. आवाजाच्या बरोबरीने, अगदी हलक्या सुरात, एक शब्द न चुकता. ‘वाईट बाप घरी तरी असतो.’ सहा आठवडे घोकलेलं, नऊ टेकांत हरवलेलं, महिनोन्महिने कुठे दडून बसलं होतं कोण जाणे. रोझमेरी पडद्याकडे बघत नव्हती. कुंपणाशी आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर तीच लाज होती. मी तिच्या खांद्यावरून बघत होते. स्टॉपवॉच गळ्यात नव्हतं, पण मी सांगते, एक मिनिट बावन्न सेकंद. मागे लोक ब्रिनसाठी नाक ओढत होते.

भाषण संपलं. रोझमेरीने बापाचा हात दोन्ही हातांत धरला. “बाबा,” ती म्हणाली. “बाबा, ऐकलं मी.”

एमेटने तिच्या ओल्या चेहऱ्याकडे आदराने पाहिलं. मान किंचित झुकवली.

“छान केलंत तुम्ही,” तो म्हणाला. मग समोर वळून सिनेमा बघायला लागला.

बाहेर उन्हात तो गाडीत बसला, पट्टा लावून घेतला, काचेतून माणसं बघत राहिला. रोझमेरी दाराला टेकून उभी होती.

“मावशी, तुझं कामच आहे ना, कोण कुठे बघत होतं ते बघायचं?”

“हो.”

“मग सांग. बाबा कुणाकडे बघत होते?”

“तुझ्याकडे. पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत. एकदाही नजर हलली नाही.”

“मला ओळखून?”

चव्वेचाळीस वर्षं लोक माझ्या वहीवर विश्वास ठेवत आले. एक शब्द खोटा बोलले असते तर तो तिला जन्मभर पुरला असता. पण एमेटच्या बाबतीत मी एकदा शहाणपणा करून बसले होते, आता दुसऱ्यांदा जीभ उचलेना.

“ते मला दिसत नाही गं,” मी म्हटलं. “मला फक्त नजर दिसते.”

तिने मान हलवली. वाकून बापाच्या टायची गाठ सारखी केली, दार लावलं, आणि गाडी व्हॅन नायसच्या दिशेने घेऊन गेली.